आयफोटोची जुनी लायब्ररी पुसण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. 2014 सालचा मॅकबुक प्रो, त्यात 500 जीबीची डिस्क. अ‍ॅपलच्या आयफोटो या जुन्या अ‍ॅपमधून फोटोज या नव्या अ‍ॅपमध्ये आपण काही वर्षांपूर्वी स्थलांतर केले आणि आता मॅकवर कॅटलिना ही सिस्टीम आहे. 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये जुनी आयफोटो लायब्ररी 208 जीबीची आणि नवी फोटोज लायब्ररी 212 जीबीची दिसते. सिस्टीम, अ‍ॅप्स, चित्रपट आणि कागदपत्रे मिळून आणखी सुमारे 225 जीबी भरतात आणि डिस्कवर फक्त 45 जीबी मोकळे आहेत. मधल्या काळात फोटोजमधून सुमारे 3,000 नकोसे फोटो पुसूनही जागा जवळपास वाढली नाही, हे आपल्याला कोड्यात टाकते आहे. जुनी लायब्ररी पुसून 208 जीबी मिळवावेत असा आपला विचार आहे, पण हात धजत नाही.

हात धजत नाही हे उत्तमच आहे. मात्र भीती ज्या गोष्टीची वाटते आहे ती बहुधा निराधार आहे आणि ज्या गोष्टीची वाटायला हवी तिचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. जुनी लायब्ररी पुसल्याने नव्या लायब्ररीतील फोटो जात नाहीत. पण जे फोटो नव्या लायब्ररीत कधी पोहोचलेच नाहीत, ते मात्र कायमचे जातात. शिवाय 208 जीबी मिळण्याची आशा आपण आताच सोडून द्यावी, कारण आपल्याच आकड्यांत त्याचे उत्तर दडलेले आहे.

हिशेब करून पाहू. 500 पैकी 45 जीबी मोकळे, म्हणजे 455 भरलेले. त्यातून इतर गोष्टींचे 225 वजा केले तर दोन्ही लायब्रऱ्यांना मिळून 230 जीबी उरतात. पण फाइंडर (मॅकवर फायली पाहण्याचे अ‍ॅप) त्यांची बेरीज 420 दाखवतो. 230 जीबीच्या जागेत 420 जीबी मावणे शक्य नाही, तेव्हा उरलेले 190 जीबी दोनदा मोजले जात आहेत, हाच एक निष्कर्ष निघतो. याचा अर्थ जुन्या लायब्ररीची स्वतःची, कोणाशीही न वाटलेली जागा साधारण 18 जीबी आहे. ती पुसल्यावर मिळतील ते एवढेच. (मोकळ्या जागेचा आकडा फाइंडरऐवजी डिस्क युटिलिटीमध्ये पाहावा, फाइंडर काही वेळा 'गरज पडल्यास मोकळी करता येईल' अशी जागाही मोकळी म्हणून दाखवतो आणि मग असा हिशेब फसतो.)

असे का होते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही करू नये. अ‍ॅपलने आयफोटो आणि व्यावसायिकांसाठीचे अ‍ॅपर्चर या दोन्हींचा विकास थांबवत असल्याचे 2014 च्या जूनमध्ये जाहीर केले आणि एप्रिल 2015 मध्ये योसेमिटी या सिस्टीमच्या 10.10.3 या आवृत्तीबरोबर फोटोज हे अ‍ॅप दिले. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क लहान होती. स्थलांतर करताना प्रत्येक फोटोची दुसरी प्रत काढली असती तर निम्म्या लोकांची डिस्क तिथेच भरली असती. म्हणून फोटोज प्रत काढत नाही, ते हार्ड लिंक तयार करते. डिस्कवर फोटोचा मजकूर एकदाच असतो आणि त्याच मजकुराला दोन ठिकाणी दोन नावे असतात, एक जुन्या लायब्ररीत आणि एक नव्या.

सामाईक सातबाऱ्यावर दोन भावांची नावे असतात तसे हे आहे. एका भावाने हक्कसोड केली तर त्याचे नाव उताऱ्यावरून कमी होते, जमीन जागेवरच राहते आणि दुसऱ्याच्या वहिवाटीला धक्का लागत नाही. दोघांत मूळ आणि नक्कल असा भेद नसतो, आणि हार्ड लिंकमध्येही तो नसतो. जुनी फाइल 'खरी' आणि नवी तिच्याकडे बोट दाखवणारी, असे समजून अनेक जण घाबरतात. ते वर्णन एलियसला, म्हणजे शॉर्टकटला लागू पडते, हार्ड लिंकला नाही. शेवटचे नाव जाईपर्यंत मजकूर डिस्कवरून हलत नाही.

आपल्या 3,000 फोटोंचे कोडेही इथेच सुटते. फोटोजमधून आपण ते पुसले, 'रिसेंटली डिलीटेड' मधूनही ते 30 दिवसांनी गेले, पण जुन्या लायब्ररीत त्यांचे दुसरे नाव अजून शाबूत आहे, म्हणून जागा सुटली नाही. जुन्या लायब्ररीच्या 18 जीबीमधला चांगला मोठा वाटा याच फोटोंचा असणार. उरलेला भाग म्हणजे आयफोटोचा स्वतःचा डेटाबेस आणि छोटी थंबनेल चित्रे. मूळ फोटो आणि त्यांच्या पूर्वावलोकनाच्या प्रती सामाईक असतात; डेटाबेस आणि थंबनेल प्रत्येक लायब्ररीचे आपापले असतात.

हे सर्व एका अटीवर खरे आहे, की दोन्ही लायब्रऱ्या एकाच डिस्कच्या एकाच विभागावर आहेत आणि स्थलांतरानंतर त्यांतली कोणतीही दुसरीकडे कॉपी केलेली नाही. हार्ड लिंक डिस्क ओलांडत नाही. एखाद्याने मधल्या काळात नवा मॅक घेतला आणि दोन्ही लायब्रऱ्या फाइंडरने त्यावर ओढून नेल्या, तर नव्या मॅकवर प्रत्येक फोटो खरोखर दोनदा असतो आणि जुनी लायब्ररी पुसल्यावर पूर्ण जागा मिळते. आपल्या आकड्यांवरून तसे झालेले दिसत नाही. इतर वाचकांनी मात्र हा हिशेब आपापल्या आकड्यांनी करावा, माझे 18 जीबी गृहीत धरू नयेत.

हिशेबावर विश्वास नसेल तर टर्मिनल या आज्ञा टाइप करण्याच्या अ‍ॅपमध्ये खात्री करता येते. 'डीयू' या आज्ञेला दोन्ही लायब्रऱ्यांची नावे एकाच वेळी दिली तर ती सामाईक फाइल एकदाच मोजते. प्रत्येक लायब्ररी वेगवेगळी मोजून आलेली बेरीज आणि दोन्ही एकत्र मोजून आलेला आकडा यांतला फरक म्हणजे सामाईक जागा. मोहावे या कॅटलिनाच्या आधीच्या सिस्टीमपासून पुढे टर्मिनलला फोटोज लायब्ररीच्या आत डोकावण्याची परवानगी मुळात नसते आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असे उत्तर येते. त्यासाठी सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी उघडून 'फुल डिस्क अ‍ॅक्सेस' या यादीत टर्मिनलची नोंद करावी लागते. काम झाल्यावर ती परवानगी काढून टाकावी.

आता खऱ्या धोक्याकडे वळतो, आणि इथे मी माझीच फजिती सांगतो. स्थलांतर हे एकदाच होते. त्या दिवशी आयफोटोमध्ये जे होते ते फोटोजमध्ये आले. त्यानंतर आयफोटोत टाकलेला एकही फोटो आपोआप फोटोजमध्ये येत नाही. जुनी लायब्ररी आयफोटोत पुन्हा उघडली की तशी सूचना येत असे, पण सूचना वाचतो कोण? मी स्वतः 2015 मध्ये स्थलांतर केले, नवे अ‍ॅप आवडले नाही म्हणून तीनेक महिने पुन्हा आयफोटोतच कार्डे रिकामी करत राहिलो आणि नंतर कधीतरी सवयीने फोटोजकडे वळलो. पुढच्या वर्षी जुनी लायब्ररी निर्धास्तपणे पुसली. तीन महिन्यांचे फोटो गेले हे लक्षात यायला आणखी सहा महिने लागले, आणि ते परत मिळाले ते केवळ कपाटात विसरलेल्या एका जुन्या बॅकअप डिस्कमुळे. त्या दिवसापासून मी लोकांच्या लायब्रऱ्या हाताळतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, की स्थलांतरानंतर जुने अ‍ॅप वापरले होते का. बहुतेक जण 'नाही' म्हणतात आणि त्यांतले बरेच जण चुकीचे ठरतात, कारण घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ते वापरलेले असते.

आपल्याला आयफोटो उघडून हे तपासता येणार नाही, कारण ते कॅटलिनावर चालत नाही. पण हार्ड लिंकच इथे आपल्या मदतीला येते. सामाईक फाइलच्या लिंकची संख्या 2 असते. जिचे नाव फक्त जुन्या लायब्ररीत आहे तिची संख्या 1. टर्मिनलमध्ये 'एलएस' ही आज्ञा सविस्तर यादीच्या पर्यायासह चालवली की फाइलच्या परवानग्यांच्या शेजारच्या रकान्यात ही संख्या दिसते. हजारो फायली एकेक करून पाहणे अर्थातच शक्य नाही. 'फाइंड' या आज्ञेला 'लिंकची संख्या 1' ही अट घालून ती जुन्या लायब्ररीतल्या मास्टर्स फोल्डरवर चालवावी. (आयफोटोच्या आणखी जुन्या आवृत्त्यांत या फोल्डरचे नाव ओरिजिनल्स असे होते.) जी यादी मिळेल ती म्हणजे जुनी लायब्ररी पुसल्यावर नेमके काय जाईल त्याचा पंचनामाच असतो. नावांची तुलना करून हेच काम करण्याचा प्रयत्न करू नये. कॅटलिनापासून फोटोज आपल्या आतल्या फायलींना आकडे आणि अक्षरांची लांबलचक नावे देते, त्यामुळे एकाच फोटोची दोन लायब्रऱ्यांतली नावे जुळतच नाहीत.

आपल्या यादीत ते 3,000 पुसलेले फोटो असतीलच. ते वगळून काही उरते का हे पाहायचे आहे. मास्टर्समध्ये फोल्डरांची रचना वर्ष, महिना, दिवस अशी असते आणि ती तारीख फोटो काढल्याची नसून तो आयफोटोत आणल्याची असते. म्हणून एकच लिंक असलेल्या फायली स्थलांतराच्या तारखेनंतरच्या फोल्डरांत दिसल्या तर तेच आपले हरवलेले फोटो समजावेत. त्या फायली एखाद्या वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी कराव्यात, तिथून फोटोजमध्ये आयात कराव्यात आणि आयात झालेला आकडा कॉपी केलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. मास्टर्स फोल्डर पाहण्यासाठी लायब्ररीवर उजवी क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' निवडावे लागते. आत जाऊन पाहावे आणि कॉपी करावे, पण तिथे काही हलवू नये, नाव बदलू नये आणि पुसू तर मुळीच नये.

या पद्धतीला एक अपवाद आहे आणि तो न सांगता मी ही पद्धत सांगितली तर आपली दिशाभूल होईल. आयक्लाउड फोटोज चालू असेल आणि त्यात 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' निवडलेले असेल, तर जागा कमी पडताच फोटोज मूळ फाइल मॅकवरून काढून टाकते आणि लहान प्रत ठेवते; पूर्ण आकाराचा फोटो फक्त अ‍ॅपलच्या सर्व्हरवर राहतो. अशा फोटोचीही लिंकसंख्या जुन्या लायब्ररीत 1 दिसते, म्हणून यादी फुगते. आपल्या बाबतीत तसे असण्याची शक्यता कमी आहे, कारण नवी लायब्ररी 212 जीबीची भरघोस आहे. तरीही फोटोजच्या प्रेफरन्सेसमध्ये आयक्लाउड या भागात जाऊन पाहावे. तिथे 'ऑप्टिमाइझ' असेल तर त्याऐवजी 'डाउनलोड ओरिजिनल्स टु धिस मॅक' निवडावे, पण 45 जीबी मोकळ्या जागेत ते मावेल का याचा आधी विचार करावा. नाहीतर त्या स्थितीत जुनी आयफोटो लायब्ररी हीच आपल्याजवळची मूळ फोटोंची एकमेव पूर्ण प्रत असते आणि नेमकी तीच पुसण्याची आपली तयारी चालू असते!

दुसरा धोका संदर्भित फोटोंचा. आयफोटोच्या प्रेफरन्सेसमध्ये 'कॉपी आयटम्स टु द आयफोटो लायब्ररी' असा एक चौकोन होता. काही काटकसरी लोक, आणि काही हुशार भाचे-पुतणे, ती खूण काढून ठेवत; मग आयफोटो मूळ फोटो आत न घेता बाहेरच्या फोल्डरमध्येच राहू देत असे आणि फक्त त्यांचा पत्ता लक्षात ठेवत असे. स्थलांतरानंतर फोटोजही तोच पत्ता वापरते. इथे जुनी लायब्ररी पुसण्याने बिघडत नाही, बिघडते ते त्यानंतरच्या साफसफाईने. 'लायब्ररी एकच उरली, आता हे डेस्कटॉपवरचे कॅमेऱ्याचे फोल्डर कशाला हवेत' असे म्हणून माणूस तेही पुसतो, आणि फोटोजमध्ये धूसर लहान चित्र दिसत राहते पण मोठे करायला गेले की मूळ फाइल सापडत नाही. हे टाळण्यासाठी फोटोजमध्ये एक स्मार्ट अल्बम तयार करावा आणि 'फोटो इज रेफरन्स्ड' ही अट द्यावी. अल्बम रिकामा राहिला तर प्रश्न मिटला. फोटो दिसले तर ते सर्व निवडून फाइल मेन्यूतून 'कन्सॉलिडेट' करावे, म्हणजे त्यांच्या प्रती लायब्ररीच्या आत येतात. यासाठी तेवढी मोकळी जागा लागते हे लक्षात ठेवावे.

फोटो आले पण त्यांच्याबरोबरची माहिती आली का, हा तिसरा मुद्दा आहे. तो तितका गंभीर नाही, पण कष्टाने वर्गवारी करणाऱ्याला तो फार लागतो. आयफोटोतले इव्हेंट फोटोजमध्ये अल्बम म्हणून येतात आणि 'आयफोटो इव्हेंट्स' या फोल्डरमध्ये जमा होतात. ताऱ्यांची मानांकने तारे म्हणून राहत नाहीत, त्यांचे कीवर्ड होतात. ध्वजखुणेचाही कीवर्ड होतो. म्हणून 'माझे पाच तारे गेले' अशी तक्रार करण्याआधी कीवर्ड शोधून पाहावा. अ‍ॅपर्चर वापरणाऱ्यांचे नुकसान अधिक आहे. रंगाच्या खुणाही कीवर्ड होतात, स्वतः तयार केलेले माहितीचे रकाने येत नाहीत, आणि फोटोवर केलेले संस्कार दिसायला तसेच राहिले तरी त्यांतला एखादा नंतर थोडा कमी-जास्त करता येत नाही. सर्व काढून मूळ फोटोवर परतणे एवढाच मार्ग उरतो. ज्यांनी अ‍ॅपर्चरमध्ये व्यावसायिक काम केले आहे त्यांनी माझ्या मते जुनी लायब्ररी पुसूच नये. ती बाहेरच्या डिस्कवर हलवावी आणि मोहावेपर्यंतची सिस्टीम असलेला एखादा जुना मॅक सांभाळून ठेवावा. आयफोटोत फोटोंची पुस्तके किंवा दिनदर्शिका बनवल्या असतील तर त्यांच्या पीडीएफ प्रतीही अशाच जुन्या मॅकवर काढून घ्याव्यात.

या तपासण्या झाल्या की बॅकअप. इथे मी हटवादी आहे. आयक्लाउड हा बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणी पुसलेला फोटो तो इमाने-इतबारे सगळीकडून पुसतो. बाहेरच्या डिस्कवर दोन्ही लायब्रऱ्यांची प्रत घ्यावी. तिथे हार्ड लिंक राहणार नाहीत, म्हणून 208 आणि 212 मिळून खरोखर 420 जीबी जागा लागेल. 500 जीबीची डिस्क काठोकाठ भरेल, 1 टीबीची घेणे शहाणपणाचे. आपल्याकडे बाजारातून आणलेली डिस्क बहुधा विंडोजला सोयीच्या एनटीएफएस किंवा एक्सफॅट या स्वरूपात असते. एनटीएफएसवर मॅक स्वतःहून लिहू शकत नाही, आणि एक्सफॅटवर लायब्ररी कॉपी झाली तरी फोटोज तिथून ती नीट वापरू शकत नाही. डिस्क रिकामी असतानाच डिस्क युटिलिटीमध्ये ती एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड स्वरूपात आणावी. घरातल्या दुसऱ्या कोणाचे काही त्या डिस्कवर आहे का हे आधी विचारावे, कारण स्वरूप बदलताना त्यावरचे सर्व जाते.

कॉपी पूर्ण झाली म्हणजे बॅकअप झाला असे नाही. तो उघडून पाहिल्यावर झाला. ऑप्शन ही कळ दाबून धरून फोटोज सुरू केले की कोणती लायब्ररी उघडायची ते विचारले जाते. बाहेरच्या डिस्कवरची नवी लायब्ररी तिथून उघडावी, दर वर्षातले दोन-चार फोटो पूर्ण आकारात मोठे करून पाहावेत आणि एक-दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावेत. नुसती लहान चित्रांची जाळी पाहून समाधान मानू नये, ती मूळ फाइल नसतानाही सुंदरच दिसते. पाहून झाल्यावर पुन्हा ऑप्शन दाबून मॅकवरची लायब्ररी उघडावी. ती लायब्ररीही सुस्थितीत आहे ना हे याच वेळी पाहावे. थोडीशी जरी शंका आली तर फोटोज उघडताना ऑप्शन आणि कमांड या दोन कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे दुरुस्तीचा पर्याय मिळतो. मोठ्या लायब्ररीला त्यासाठी काही तास लागू शकतात, तेव्हा लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा.

आता प्रत्यक्ष पुसणे, आणि हा भाग सर्वांत सोपा आहे. 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये जुन्या लायब्ररीवर एकदा क्लिक करून 'गेट इन्फो' पाहावे. स्थलांतर झालेल्या आयफोटो लायब्ररीच्या नावाचा शेवट 'मायग्रेटेडफोटोलायब्ररी' असा होतो, अ‍ॅपर्चरच्या लायब्ररीचा 'मायग्रेटेडएपीलायब्ररी' असा. ही खूण नसेल तर तिथेच थांबावे; ती लायब्ररी कदाचित कधी स्थलांतरित झालीच नसेल. अनेक घरांत आयफोटोच्या दोन-तीन लायब्रऱ्या असतात आणि त्यांतली एकच फोटोजमध्ये आलेली असते.

खूण जुळली की फोटोज बंद करावे आणि जुनी लायब्ररी अखंड उचलून ट्रॅशमध्ये टाकावी. तिच्या आतली काही फोल्डरे काढून ती 'हलकी' करण्याचा मोह आवरावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लायब्ररी फोटोजमध्ये उघडून आतले सर्व फोटो निवडून डिलीट करणे, ही पद्धत कधीही वापरू नये. लायब्ररीची फाइल फाइंडरमधून ट्रॅशमध्ये गेली तर आयक्लाउडमधल्या फोटोंना काही होत नाही. पण अ‍ॅपच्या आत फोटो पुसले आणि ती लायब्ररी आयक्लाउडशी जोडलेली निघाली, तर घरातल्या प्रत्येक फोनवरून फोटो नाहीसे होऊ लागतात. 'रिसेंटली डिलीटेड' चे 30 दिवस हातात असतात, पण त्या अवस्थेत ते आठवण्याइतके डोके शांत राहत नाही, हे मी पाहिले आहे.

ट्रॅश लगेच रिकामा करू नये. मी दोन ते तीन आठवडे थांबतो. त्या काळात नेहमीसारखे फोटोज वापरावे, जुने अल्बम उघडावेत, कोणाला तरी फोटो पाठवावेत, एखादा फोटो छापायला द्यावा. काही कमी आढळले तर लायब्ररी ट्रॅशमधून जशीच्या तशी परत ठेवता येते. फाइंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये '30 दिवसांनी ट्रॅशमधून काढून टाका' हा पर्याय चालू असू शकतो, तेव्हा महिन्याची मुदत आपोआप संपते हे ध्यानात असू द्यावे. रिकामा करताना 'फाइल वापरात आहे' असे उत्तर आले तर जबरदस्ती करू नये. मॅक एकदा बंद करून सुरू करावा, फोटोज न उघडता पुन्हा प्रयत्न करावा.

ट्रॅश रिकामा केल्यावरही आकडा लगेच बदलला नाही तर घाबरू नये. टाइम मशीन ही मॅकची बॅकअपची सोय चालू असेल तर एपीएफएस डिस्कवर ती स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या नोंदी, ठेवते आणि त्यांत पुसलेल्या फायली काही काळ जिवंत असतात. हे स्नॅपशॉट साधारण एका दिवसात निवर्ततात, मग जागा सुटलेली दिसते. आपल्या बाबतीत ती 18 जीबीच्या आसपास असेल, म्हणजे मोकळी जागा 45 वरून 63 च्या घरात जाईल.

तेवढ्याने आपली गरज भागणार नाही हे मला दिसते आहे. खरी जागा हवी असेल तर ती जुन्या लायब्ररीत नसून नव्या लायब्ररीत आहे. फोटोजची 212 जीबीची लायब्ररी एखाद्या चांगल्या बाहेरच्या एसएसडीवर कॉपी करून ऑप्शन दाबून तिथून उघडावी, प्रेफरन्सेसमध्ये 'यूज अ‍ॅज सिस्टीम फोटो लायब्ररी' हे बटण दाबावे, आणि काही आठवडे ती विनातक्रार चालल्यावर मॅकवरची प्रत काढून टाकावी. हे करायचे असेल तर मात्र जुनी आयफोटो लायब्ररी आधी पुसलेली असणे आवश्यक आहे, नाहीतर नवी काढूनही सामाईक 190 जीबी जुनीच्या नावावर तसेच अडकून राहतील. बाहेरच्या एसएसडीवर गेलेली लायब्ररी टाइम मशीनच्या बॅकअपमध्ये आपोआप येईलच असे नाही. त्याच्या पर्यायांतल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ती डिस्क बसली आहे का हे पाहून ती तिथून काढावी.

आपल्या भावाच्या विंडोज संगणकावरील पिकासा या गूगलच्या फोटोंच्या अ‍ॅपबद्दलही आपण जाता जाता विचारले आहे. तिथे हार्ड लिंकचा प्रश्न नाही, पण सापळा वेगळा आहे. गूगलने पिकासाचा आधार 15 मार्च 2016 पासून थांबवला. पिकासा फोटो स्वतःच्या लायब्ररीत घेत नसे, ते होते तिथेच राहत. म्हणून अ‍ॅप काढून टाकल्याने फोटो जात नाहीत. मात्र फोटोत बदल करून 'सेव्ह' केले की बदललेली प्रत मूळ जागी बसे आणि मूळ फोटो त्याच फोल्डरमधल्या 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जाई. सेव्ह न केलेले बदल तर फोल्डरमधल्या 'पिकासा डॉट आयएनआय' या लहानशा फाइलमध्ये फक्त नोंदलेले असतात, फोटोवर नसतात. तेव्हा भावाने पिकासा काढण्यापूर्वी ते एकदा उघडून न सेव्ह केलेले बदल सेव्ह करावेत, आणि साफसफाई करताना लपवलेली फोल्डरे 'कचरा' म्हणून पुसू नयेत. कातरलेल्या, उजळलेल्या फोटोंच्या मूळ प्रती तिथेच आहेत.